लॉगबुकातली तेविसावी नोंद

फुफ्फुसाभोवती, छातीत साठलेलं पाणी सुईने काढल्याच्या २२ नोंदी माझ्या लॉगबुकात, म्हणजे शिकताना केलेल्या कामांच्या वहीत, होत्या. प्रत्येकीपुढे तारीख, केस पेपरचा नंबर आणि सही. एकही नोंद खोटी नव्हती. पाणी मीच काढलेलं, नंतरचे एक्स-रे मीच पाहिलेले, कुणाच्याही फुफ्फुसाला इजा झालेली नव्हती. पण पहिल्या दोन वेळा सोडल्या तर माझ्या हातात सुई असताना वरिष्ठांपैकी कुणीही तिथे नव्हतं. सह्या नंतर व्हायच्या, राउंड संपल्यावर, चार-पाच नोंदींवर एकदम.

तेविसाव्या वेळी युनिटच्या मॅडम आल्या. आमच्या बॅचपासून रेसिडेंटचं, म्हणजे रुग्णालयात राहून पुढचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरचं, प्रशिक्षण क्षमतेवर आधारित झालं होतं, म्हणजे किती वर्षं झाली यापेक्षा काम येतं का हे पाहणारं, आणि महत्त्वाची प्रत्येक प्रोसिजर कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहायची, असा त्यात नियम होता. मला ते मनाला लागलं होतं. मी दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षाची मुलं मला विचारून टॅप करायची, म्हणजे असं पाणी काढायची.

पेशंट सत्तरी ओलांडलेले आजोबा होते, डाव्या बाजूला पाणी भरलेलं. त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे टेबल, टेबलावर उशी, उशीवर हात. त्याच स्थितीत सोनोग्राफी लावून जागा ठरवली, खूण केली. हात धुतले, ग्लोव्हज, कपडा, त्वचेला भूल. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेनं आत घेतली, कारण वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला शिरा आणि नस असते. पिवळसर पाणी आलं. साधारण १२०० मिली झाल्यावर आजोबांना खोकल्याची उबळ आली, मी तिथेच थांबले. एका वेळी दीड लिटरच्या वर जायचं नसतं आणि खोकला किंवा छातीत दाटल्यासारखं झालं तर त्याआधीच थांबायचं असतं. सगळं व्यवस्थित झालं. मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर म्हणाल्या, "सुई नीट गेली. जागा बरोबर होती, थांबलीस तेही वेळेवर. आता मला सांग, आजोबांच्या उजव्या हाताचं काय चाललं होतं?"

मला सांगता आलं नाही. मी त्यांच्या पाठीमागे होते.

"टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती. तू त्वचेला भूल दिलीस, थोडी स्नायूत दिलीस आणि लगेच सुई पुढे नेलीस. आवरणाला भूल लागलेलीच नव्हती. त्यांना शेवटपर्यंत दुखत होतं. बोलले नाहीत, कारण तूच त्यांना सांगितलं होतंस, 'आजोबा, अजिबात हलू नका, बोलू नका.'"

फुफ्फुसाच्या आवरणाचे दोन पदर असतात. आतल्या पदराला वेदना जवळजवळ कळत नाही. छातीच्या भिंतीला लागून असलेला बाहेरचा पदर मात्र फार हळवा असतो. भुलीच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढत ओढत सुई पुढे न्यायची, पाणी दिसलं की किंचित मागे घ्यायची आणि तिथे औषध हात आखडता न घेता सोडायचं, मग काही मिनिटं थांबायचं. हे मला माहीत होतं. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर मी घडाघडा सांगितलं असतं. पण पहिल्या वर्षी रात्री तीन-तीन टॅप उरकताना ते थांबणं कधीतरी गळून गेलं होतं आणि गळल्याचं मला कळलंही नव्हतं. आपण म्हणतो, अमुक कामात त्याचा हात बसला आहे. हात चुकीचाही बसतो, आणि बसला की बसणाऱ्याला तो बरोबरच वाटतो.

त्या दिवशी मॅडमनी फॉर्मवर लिहिलं: "वरिष्ठांच्या उपस्थितीत करू शकते." खाली एक वाक्य होतं: "पुढच्या वेळी आवरणापाशी पुरेशी भूल, मग थांबणे, आणि पेशंटला दुखल्यास बोट वर करायला सांगणे."

नव्या पद्धतीत 'नुसतं पाहा'पासून 'दुसऱ्याकडून करून घ्या'पर्यंत पाच पायऱ्या होत्या आणि ही त्यातली दुसरी. २२ सह्यांनंतर मी पुन्हा दुसऱ्या पायरीवर होते. त्या रात्री मला रडू आलं, आणि ते पायरीमुळे नव्हतं. आधीच्या २२ जणांपैकी किती जणांनी अशीच टेबलाची कड धरली असेल, हे आता मला कधीच कळणार नव्हतं.

मी हे लिहायला बसले, कारण नव्या पद्धतीबद्दल माझ्या सोबतच्या डॉक्टरांकडून मी बहुतेक वेळा एकच ऐकते: कागद वाढले. वाढले हे खरं आहे, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण त्या कागदांच्या मागे जे आहे ते मला मिळालं आणि माझ्या पेशंटना मिळालं, तेही कुणीतरी सांगायला हवं.

जुनी पद्धत वर्षं मोजायची. रेसिडेन्सीचा जो साचा जगभर पसरला, तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, ते १८८९ साली सुरू झाल्यानंतर, विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली घडला. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहायचं, वरिष्ठांच्या सोबत काम करायचं, हळूहळू जबाबदारी घ्यायची. त्या साच्यात फार चांगल्या गोष्टी होत्या आणि अजूनही आहेत. अडचण अशी, की पुढे पुढे 'इतकी वर्षं राहिला, म्हणजे आलं असणार' हे गृहीत धरलं जाऊ लागलं. ठरलेली वर्षं भरली, शेवटची परीक्षा सुटली की माणूस तयार. मधल्या काळात त्याचे हात कसे चालतात, तो पेशंटशी कसा बोलतो, कधी मदत मागतो, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

परीक्षा मी चांगल्याच दिल्या होत्या. ओएससीई, म्हणजे घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं ती परीक्षा, रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडली आणि तिने वैद्यकीय परीक्षांचं रूप बदललं. सगळ्यांना सारखेच प्रश्न, सारखीच यादी, परीक्षकाची मर्जी कमी. छातीतल्या पाण्याच्या स्टेशनवर मला जवळपास पूर्ण गुण होते. पण ते पुतळ्यावर होतं. पुतळ्याला आवरणापाशी दुखत नाही.

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली याचा एक चार थरांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि सगळ्यात वर, रोजच्या कामात करतो. ओएससीई तिसऱ्या थरापर्यंत पोचते. चौथा थर पाहायचा तर वॉर्डातच जावं लागतं, रोजच्या गर्दीत, रेसिडेंट दमलेला असताना. आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात हा पिरॅमिड पडद्यावर दाखवला होता. मी वहीत काढूनही घेतला होता. त्याचा अर्थ मला आजोबांच्या बोटांवरून कळला.

त्यानंतर मी स्वतःहून पाहायला बोलवायला लागले. आमच्याकडे रेसिडेंटनेच निरीक्षणाची विनंती करायची होती आणि इतरांप्रमाणे मीही तोवर सोपे पेशंट निवडत होते. आता उलट केलं: जिथे मला खात्री नाही, तिथे बोलवायचं.

पहिली विनंती ओपीडीतल्या एका संवादासाठी केली. मिनी-सीईएक्स नावाची ही पद्धत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडली. वरिष्ठांनी पंधरा-वीस मिनिटं रेसिडेंटला खऱ्या पेशंटसोबत पाहायचं, मग पाच-दहा मिनिटं लगेच बोलायचं, आणि इतिहास घेणं, तपासणी, निर्णय, समजावून सांगणं, वागणूक यांवर नऊपैकी आकडे द्यायचे. पेशंट मावशी होत्या, पन्नाशीच्या. हृदय अशक्त, पायाला सूज, धाप लागून वर्षात तिसऱ्यांदा आलेल्या. मी पटापट विचारलं, तपासलं, औषधाचा डोस वाढवला.

या वेळी सर होते. त्यांनी एका कागदावर माझे प्रश्न उतरवून घेतले होते, जसेच्या तसे. कागद माझ्यापुढे ठेवला. अकरा प्रश्नांपैकी नऊ हो-नाहीचे होते. "गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नापुढे सरांनी मावशींचं उत्तर लिहिलं होतं: "हो... म्हणजे कामाला जाताना..." आणि त्यापुढे माझा पुढचा प्रश्न: "रात्री झोपताना किती उशा लागतात?"

"'म्हणजे'च्या पुढे काय होतं?" सरांनी विचारलं.

मी परत आत गेले. मावशी औषधाच्या खिडकीकडे निघाल्या होत्या. त्यांना बसवलं आणि म्हटलं, "मावशी, सकाळी उठल्यापासून गोळ्या कशा कशा घेता ते सांगा, मला घाई नाही." लघवीची गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं आणि कामाच्या ठिकाणी तशी सोय नाही, म्हणून कामाच्या दिवशी ती गोळी त्या घेतच नव्हत्या. आठवड्यातले सहा दिवस. मी जो डोस वाढवला होता तो त्या घेणारच नव्हत्या. आम्ही गोळीची वेळ बदलून कामावरून परत आल्यानंतरची केली, जुनाच डोस ठेवला आणि सूज उतरली.

त्या फॉर्मवर संवादाला मला नऊपैकी चार होते. आजवरचे माझे सगळ्यात कमी गुण. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, आकड्यासाठी नव्हे, त्या अकरा प्रश्नांसाठी. निरीक्षणातली सगळी ताकद अशा नोंदीत असते. "संवादकौशल्य सुधारावे" असं लिहिलं असतं तर मी काय सुधारणार होते? 'म्हणजे' या शब्दापाशी मी थांबले नाही, हे सांगितल्यावर मात्र दुसऱ्या दिवसापासून तो शब्द मला ऐकू यायला लागला.

आता कागदांबद्दल.

एका पोस्टिंगमध्ये असं झालं, की तीन महिन्यांत माझी दोनच निरीक्षणं झाली आणि हवी होती दहा. शेवटच्या आठवड्यात मी आठ विनंत्या एकदम पाठवल्या आणि पर्यवेक्षकांनी एका बैठकीत आठही फॉर्म भरले. त्यातल्या पाच पेशंटना त्यांनी पाहिलंच नव्हतं. सगळीकडे "अपेक्षेप्रमाणे" अशी खूण, सगळीकडे एकच शेरा: "चांगले काम. वाचन वाढवावे." मी ते स्वीकारले. माझी त्यात पूर्ण भागीदारी आहे आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या आठ फॉर्मनी पुढे माझंच नुकसान केलं. माझी खरी अडचण त्यांच्या ढिगाखाली दडली.

हे टाळता येतं. मी जिथे हे नीट चालताना पाहिलं तिथे तीन गोष्टी होत्या. निरीक्षण झालं त्याच दिवशी फॉर्म, नंतर नाही. सगळा तपास पाहण्याचा अट्टहास नाही, फक्त एक तुकडा: फक्त गुडघ्याची तपासणी, फक्त डिस्चार्जच्या वेळचं बोलणं, दहा मिनिटांत होईल असं. आणि वरिष्ठांच्या वेळापत्रकात त्यासाठी राखलेला वेळ. हा तिसरा मुद्दा नसेल तर बाकीच्या दोघांचा काही उपयोग नाही. ओपीडीत रांग दारापर्यंत आलेली असताना माणूस स्टुलावर बसून दुसऱ्याचं काम पाहू शकत नाही, त्याला स्वतः हात लावावाच लागतो. ज्या संस्था हा वेळ न देता नुसते फॉर्म आणतात, त्या रेसिडेंट आणि शिक्षक दोघांवरही अन्याय करतात, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गैरसमज मला स्वतःला मोडायला वेळ लागला. प्रत्येक निरीक्षण म्हणजे एक छोटी परीक्षा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तसं नसतं. एका पेशंटसमोर माणूस कसा वागला यावरून दुसऱ्या पेशंटसमोर कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही. हृदयाच्या पेशंटशी उत्तम बोलणारा फिट आलेल्या मुलाच्या आईपुढे गडबडू शकतो. म्हणून एकेक निरीक्षण शिकण्यासाठी, आणि पुढे सरकवायचं की नाही हा निर्णय पुष्कळ निरीक्षणं, पुष्कळ माणसांची, पुष्कळ प्रसंगांतली एकत्र ठेवून. हे तत्त्व पटलं की कमी गुणाची भीती उतरते. पण ते वरच्यांनाही पटलेलं असावं लागतं. एखाद्याचा चारचा आकडा उचलून चारचौघांत बोलून दाखवणारा एकच वरिष्ठ पुरतो. त्यानंतर त्या युनिटमध्ये कुणीही अवघड पेशंट घेऊन कुणाला बोलवत नाही.

पायऱ्यांची कल्पना नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या ओले टेन केट यांची. २००५ साली त्यांनी असा विचार मांडला, की गुणांच्या याद्या करण्यापेक्षा डॉक्टरच्या कामाचे ठळक तुकडे घ्या आणि विचारा, हे काम या माणसावर सोपवता येईल का? पुढे त्याच्या पाच पायऱ्या रूढ झाल्या. नुसतं पाहा. वरिष्ठ शेजारी असताना करा. वरिष्ठ हाकेच्या किंवा फोनच्या अंतरावर असताना करा. एकट्याने करा. दुसऱ्याकडून करून घ्या. मला ही भाषा फार आवडते, कारण ती वॉर्डाचीच आहे. रात्री घरी जाताना प्रत्येक कन्सल्टंट, म्हणजे युनिटचा वरिष्ठ डॉक्टर, मनात हेच विचारत असतो: आज ड्युटीवर कोण आहे आणि तिच्या भरवशावर मी काय सोडून जाऊ शकतो?

भरवसा कशावर ठरतो हे मला एका रात्री समजलं. रक्ताची उलटी झालेले काका आले. नाडी १२०, वरचं ब्लडप्रेशर ९०. मोठ्या दोन सुया लावल्या, सलाईन सुरू केलं, रक्त क्रॉसमॅचला, म्हणजे द्यायच्या रक्ताशी जुळवून पाहायला, पाठवलं, पोटाच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. सगळं येत होतं. गंभीर पेशंटची पहिली एक-दोन तासांची देखभाल, या कामात मी तिसऱ्या पायरीवर होते, म्हणजे मॅडम घरी आणि फोनवर. पावणेतीन वाजले होते. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. वाटलं, आत्ता फोन केला तर 'अजून हिला एकटीला जमत नाही' असं होईल. चौथी पायरी जवळ आली होती. मग काकांकडे पाहिलं, त्यांना पुन्हा मळमळायला लागलं होतं, आणि फोन लावला. मॅडमनी पोटात दुर्बीण घालून पाहणाऱ्या टीमला उठवलं आणि स्वतः आल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला चौथी पायरी दिली. मी विचारलं, त्या रात्री तर मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "म्हणूनच. औषधं सगळ्यांनाच येतात. फोन कधी करायचा हे तुला कळतं, याची मला आता खात्री आहे. केला नसतास तर मी दिली नसती."

आणि तरीही वर्षाअखेर मला एका कामात अडवलं.

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी एक समिती प्रत्येक रेसिडेंटचं सगळं एकत्र वाचते: निरीक्षणं, परीक्षांचे गुण, नर्स आणि सहकाऱ्यांचे गुप्त अभिप्राय. हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या वेळी टीमचं नेतृत्व करणं, या कामात बाकी बॅच तिसऱ्या पायरीवर गेली. मी दुसरीवरच राहिले. मेंटॉर सरांनी बंद खोलीत सांगितलं. मी त्यांना ते आठ फॉर्म दाखवले, त्यातले दोन याच कामाचे होते, "अपेक्षेप्रमाणे." सरांनी नर्सच्या अभिप्रायातलं एक वाक्य वाचलं, नाव न सांगता: "डॉक्टर मॅडम स्वतःच छाती दाबायला लागतात, मग कोणी काय करायचं ते कळत नाही."

मला राग आला. छाती दाबणं हेच तर सगळ्यात महत्त्वाचं, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि मी ते उत्तम करायचे. मला वाटायचं मी सगळ्यांत जास्त काम करते आहे. सर एवढंच म्हणाले, "आपण ते बघू."

पुढच्या आठवड्यात पुतळ्यावर सराव ठेवला, व्हिडिओसकट. मग टीमसोबत बसून तो पाहिला. व्हिडिओत मी पुतळ्यावर वाकलेली आहे, मान खाली. मी म्हणते, "कुणीतरी अॅड्रेनलिन द्या." खोलीत चौघं आहेत. चौघंही ऐकतात. एक सिस्टर दुसऱ्या सिस्टरकडे पाहते, इंटर्न क्रॅश कार्टकडे, आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीकडे, पाहतो. मी मान वर करतच नाही. सरांनी तिथेच व्हिडिओ थांबवून वेळ दाखवली. मी म्हटल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. दोन मिनिटांनी हृदयाची लय तपासायची असते, तीही कुणी पुकारलेली नव्हती.

नर्सच्या त्या वाक्याचा अर्थ मला 'कुणीतरी' या शब्दात दिसला.

तीन महिन्यांचा आराखडा लिहिला गेला, एका पानाचा. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, हात मागे. प्रत्येक काम नाव घेऊन सांगायचं. सांगितलेलं समोरच्याने परत म्हणायचं, झाल्यावर "दिलं" असं मोठ्याने सांगायचं. वेळ मोजायला एक माणूस. दर पंधरा दिवसांनी सराव, आणि खऱ्या प्रसंगी एक वरिष्ठ हजर. हात मागे ठेवून उभं राहणं मला विलक्षण जड गेलं. समोर कुणीतरी माझ्यापेक्षा उथळ दाबतंय आणि मी पायथ्याशी उभी राहून म्हणतेय, "अजून खोल, छान, तसंच, पुढच्या पाळीला तयार राहा." पण पायथ्यावरून सगळा पलंग दिसतो. मॉनिटर दिसतो. दमलेला हात दिसतो. दाराशी उभे असलेले नातेवाईकही दिसतात, आणि त्यांच्याजवळ कुणाला तरी पाठवायला हवं हे सुचतं.

आराखडा संपायच्या सुमारास, पहाटे, वॉर्डातल्या एका पेशंटचं हृदय बंद पडलं. मी पायथ्याशी उभी राहिले. आम्ही अडतीस मिनिटं प्रयत्न केले. ते वाचले नाहीत. मीच थांबण्याआधी सगळ्यांना विचारलं, "आपण काही करायचं राहिलंय का?" कुणालाच काही सुचलं नाही, आणि मग वेळ पुकारली. बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलाला मी सांगितलं.

नंतर हात धुताना ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आज काय चाललंय ते आम्हाला कळत होतं." तो गुप्त अभिप्राय त्यांचाच होता का, हे मी कधी विचारलं नाही. त्या महिन्यात मला तिसरी पायरी मिळाली. तीन महिने उशिरा मिळाली, आणि तो उशीर झाला हे बरंच झालं. जुन्या पद्धतीत मी वर्षं भरून, मान खाली घालून, आयुष्यभर "कुणीतरी द्या" म्हणत राहिले असते.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. काही कामांत पाचवी पायरी मिळाली आहे, म्हणजे मी दुसऱ्यांना पाहू शकते. परवा पहिल्या वर्षाच्या मुलीचा टॅप होता, तिचा चौथा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, पेशंटचे हात दिसतील असं. न बोलता बसणं किती कठीण असतं ते मला तिथे समजलं. तिने भूल देताना घाई केली. पेशंट काकूंचे खांदे वर उचलले गेले. मी बोलणार इतक्यात तिचीच सुई थांबली. "काकू, दुखतंय का? बोट वर करायचं ठरलं होतं ना आपलं." काकूंनी बोट वर केलं. तिने अजून औषध सोडलं आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली.

बाहेर आल्यावर मी तिला खांद्यांबद्दल सांगितलं, तिच्या आधी ते मला दिसले होते हेही सांगितलं. फॉर्म तिथेच उभ्या उभ्या भरला: दुसरी पायरी. एक वाक्य लिहिलं. तिने वाचलं, जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मॅम, उद्या आठ नंबरच्या पेशंटचा टॅप आहे. त्यांना सरळ बसवता येत नाहीये, मला भीती वाटतेय. याल का?"

राउंडच्या आधी, साडेसातला येते म्हटलं.